विहिरीतून रोही काढला, आता तो माझाच हरभरा खातो

वावरातला_विजू (कारंजा, जि. वाशिम)
राम राम मंडळी. प्रश्न साधा आहे, पण आठ दिवस झाले डोक्यातून जात नाही.

मागच्या सोमवारी पहाटे आमच्या विहिरीत रोही, म्हणजे नीलगाय, पडला. चांगला दांडगा निळा नर. विहीर आजोबांच्या वेळची, चाळीस फूट, कठडा नाही, पाणी पुरुषभर. फॉरेस्टवाल्यांना फोन लावला. ते येईपर्यंत गावचे वीसेक पोट्टे गोळा झाले. आधी बाजेला चार दोर बांधून बाज खाली सोडली, तर पठ्ठ्याने लाथ घालून बाजच मोडली. मग जेसीबी बोलावला. दोघं जण कपारीला धरून उतरले, त्याच्या पोटाखालून पट्टे घातले, तेव्हा कुठे निघाला. पाच तास गेले. वर आल्यावर मिनिटभर जागीच थरथरत उभा राहिला. नाकातून पाणी गळत होतं, मानेवर दोर घासून पांढरा वळ उठला होता. मग जो सुटला तो थेट माझ्याच हरभऱ्यातून.

परवा जागलीला होतो. रात्री दोनला बॅटरी मारली तर सात-आठ रोही हरभऱ्यात. मधल्याने मान वर केली. मानेवर तोच वळ.

दोन एकर हरभरा, घाटे भरायला आलेले. आई म्हणते, मुका जीव, पुण्य लागते बाप्पा. पुण्याने सोसायटीचा हप्ता फिटत असता तर मी रोज एक रोही काढला असता. गावात दहा जणांना विचारलं, हे जनावरं वाचवायचे कायले? दहाही जण म्हणाले, मुका जीव. याच्याशिवाय दुसरं कारण आहे का कोणाजवळ? शाळेच्या पुस्तकातलं नको.

खवचट_वऱ्हाडी (अकोट)
तोच रोही कशावरून? आधार कार्ड पाह्यलं का?

वावरातला_विजू
वळ आहे भाऊ मानेवर. आणि नजर ओळखली त्याने. लाजला नाही.

पुण्यात_अडकलेला (मूळ वणी)
निसर्गात प्रत्येक जीव एकमेकांवर अवलंबून असतो. एक कडी तुटली की सगळी साखळी ढासळते. पृथ्वीवर आपल्याइतकाच त्यांचाही हक्क आहे. जंगल कमी झालं म्हणून ते शेतात येतात. खरं अतिक्रमण आपलं आहे.

वावरातला_विजू
हक्क मान्य. पण सातबारा माझ्या नावावर आहे, पीककर्जही माझ्याच नावावर आहे. साखळी मी सहावीत वाचली होती दादा. गवत, हरिण, वाघ. त्यात हरभरा नव्हता.

खवचट_वऱ्हाडी
पुण्यातल्या दादांना एक रात्र जागलीला पाठवा. जानेवारीतली. स्वेटर आम्ही देऊ.

धानकरी (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)
विजूभाऊ, तुमच्याकडे हरभरा जातो. आमच्याकडे माणूस जातो.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या तालुक्यात एकाच दिवशी तीन बाया तेंदूपानं तोडताना वाघाने मारल्या. तुम्ही पेपरात वाचलं असेल, आम्ही मयतीला गेलो होतो. तेंदूचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा असतो. तेवढ्यात जे हाती येते त्यात पोरांची वह्या-पुस्तकं अन् खरिपाचं बियाणं निघते. जाऊ नको म्हणणं सोपं आहे. पहाटे चारला उठून, अंधारात, खाली वाकून पानं तोडायची. वाकलेला माणूस वाघाले माणूस वाटतच नाही म्हणतात.

अन् त्याच जंगलात पलीकडच्या गेटवर सफारीच्या जिप्सीची रांग. वाघ दिसला की टाळ्या. तोच वाघ अलीकडे दिसला की आम्ही थाळ्या वाजवतो. मले वाघाचं काही नाही. तो त्याच्या जागी आहे. पण "का वाचवावं" हा प्रश्न विचारायचा तर आधी आमच्या गावात येऊन विचारा.

पेंचपाणी (नागपूर)
धानकरीभाऊ, तुमचा राग रास्त आहे. मी जिप्सीत बसणाऱ्यांपैकीच एक, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

महाराष्ट्रातले वाघ २०१४ च्या गणनेत १९० होते, २०१८ ला ३१२, २०२२ ला ४४४. त्यातले बहुतेक विदर्भात. जंगल मात्र तेवढंच आहे, उलट खाणी, रस्ते, कालव्यांनी तुकडे पडलेत. म्हणजे वाघ वाचवण्यात आपण पास झालो आणि त्याची फी चंद्रपूरवाले भरतात. हे कबूल करायलाच पाहिजे.

आता विजूभाऊंना कारण सांगतो, पुस्तकाबाहेरचं. मी नळ सोडला की जे पाणी येतं ते बहुतेक पेंचचं. तोतलाडोह धरण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. तिथलं रान वाघाच्या नावाने राखलं नसतं तर आतापर्यंत तिथे कायकाय झालं असतं, आणि धरणात पाण्याऐवजी किती गाळ आला असता, विचार करा. वाघासाठी म्हणून राखलेल्या जंगलाचं पाणी नागपूर पितं. यात वाघावर उपकार कोणी केले नाहीत.

खवचट_वऱ्हाडी
म्हणजे वाघ तुमच्या पाण्याचा चौकीदार. पगार धानकरीच्या गावातून कापता.

पेंचपाणी
अगदी बरोबर पकडलंत. माझ्याकडे याला उत्तर नाही.

ढोरांचा_डॉक्टर (दर्यापूर, जि. अमरावती)
विजू, तुला रोखीचं कारण पाहिजे ना? मी देतो. पण रोहीचं नाही, गिधाडाचं.

मी १९९२ ला नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक गावाबाहेर ढोरं टाकायची जागा असायची. बैल मेला की ओढून तिथे टाकायचा. एका तासात आभाळातून गिधाडं उतरायची, दुपारपर्यंत नुसता सापळा. वास येत नव्हता. कोणी आभार मानले नाहीत, कोणी पगार दिला नाही. दिसायला भेसूर, वागायला भांडखोर, म्हणून पोरं दगड मारायची.

मग आम्ही ढोरांना डायक्लोफिनॅक टोचायला लागलो. स्वस्त, ताप उतरतो, सूज उतरते, शेतकरी खूश. मी स्वतः हजारोंनी टोचली असतील. ते इंजेक्शन घेतलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड बंद. नव्वदच्या दशकातल्या कोट्यवधी गिधाडांतली शंभरात पंच्याण्णवहून जास्त गेली. कारण कळायला २००४ उजाडलं. जनावरांसाठी ते औषध २००६ ला बंद झालं. तोपर्यंत माझ्या भागातलं आभाळ रिकामं झालं होतं.

पुढे काय झालं? मेलेली ढोरं नाल्यात सडायला लागली. कुत्र्यांची पैदास वाढली. दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या वर्षांत भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. दूषित पाणी, कुत्रे, रेबीज. पाच लाख. गिधाडं होती तेव्हा ती काय कामाची, असं मला कोणी विचारलं असतं तर मी पण म्हटलं असतं, मुका जीव.

तुला सांगतो, एखादा प्राणी काय काम करतो हे तो जाईपर्यंत आपल्याला कळत नाही. मी पशुवैद्यक असून कळलं नाही.

धुऱ्यावरची_बाभूळ (हिंगणघाट)
डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या आखराजवळ पण अशी जागा होती. आजी गिधाडांना "जटायूची लेकरं" म्हणायची. आता तिथे प्लॉट पडले.

वावरातला_विजू
डॉक्टरसाहेब, गिधाडाचं पटलं. शंभर टक्के पटलं. पण रोही कोणाचं काय भलं करतो तेवढं सांगा. तो काही साफसफाई करत नाही. घाण मात्र करतो. एकाच जागी येऊन ढीग लावतो, तेही बरोबर माझ्या धुऱ्यावर (बांधावर).

काठीवाला (निवृत्त वनरक्षक, पांढरकवडा)
विजूभाऊ, त्या ढिगाजवळ पावसाळ्यात जाऊन पाहा. बाभळीची, बोरीची रोपं दिसतील. रोही शेंगा खातो, बिया पोटातून जातात, ढिगात पडतात. ओसाड माळावर पहिलं झाड बरेचदा असंच उगवते. लावणारा कोणी नसते.

आता तुमच्या मुख्य तक्रारीवर येतो. रोही एवढे झाले कसे? तुमच्याकडे आजोबांच्या वेळी लांडगे होते, ते रोहीची पाडसं मारायचे. लांडगे संपवले. गावाभोवती कुरण होतं, ते वाहितीत आणलं. खाणारा गेला अन् चारा गेला. आता रोहीने जावं कुठे? जिथे टिपेश्वरसारखं वाघाचं जंगल आहे तिथे रोही, डुकरं वाघाच्या पोटात जातात. तुमच्याकडे ते काम करणारं कोणी उरलं नाही, म्हणून तुम्ही रात्रभर जागता. वाघाची ड्युटी तुम्ही करून रायले.

खवचट_वऱ्हाडी
मग पाठवा दोन वाघ कारंज्याला.

धानकरी
दोन कायले, चार घेऊन जा. गाडीभाडं माझ्याकडे लागलं.

वावरातला_विजू
नको रे बाबा. हरभरा खाऊ दे.

काठीवाला
हसू नका, वाघ तुमच्या बाजूने येऊन गेलेला आहे. टिपेश्वरचा एक जवान वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर. २०१९ च्या जूनमध्ये निघाला. तेलंगणात गेला, फिरून परत आला, डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढेही चालतच राहिला. एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरली. पेपरवाल्यांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. दिवसा नाल्यात, पऱ्हाटीत पडून राहायचा, रात्री चालायचा. रस्ते ओलांडले, रेल्वे ओलांडली, किती वावरांतून गेला असेल. झोपलेल्या कित्येक जागल्यांना पत्ता नसेल की उशाशी कोण येऊन गेलं. मादीच्या शोधात गेला बिचारा, अन् ज्ञानगंगेत मादीच नव्हती.

खवचट_वऱ्हाडी
आमच्या गावात असे तीस-पस्तीस आहेत. फक्त कॉलर नाही.

धुऱ्यावरची_बाभूळ
😂😂 लग्नाचा धागा वेगळा काढा.

तुरीवाला_दादा (दिग्रस)
मूळ विषय सोडून सांगतो. डुकरांसाठी आम्ही सलूनमधून केस आणून धुऱ्यावर टाकतो. डुक्कर हुंगत चालते, केस नाकात गेले की शिंकत पळते. पहिल्या वर्षी जमलं. दुसऱ्या वर्षी डुकरं शिंकत शिंकत खाऊन गेली.

सोनेगावची_सून (वर्धा)
आम्ही जुन्या साड्या बांधतो चहूकडून. सासूबाईंच्या लग्नातला शालूसुद्धा गेला. रोहीला रंगाचं काही वाटत नाही, पण रस्त्यावरून जाणारे विचारतात, कोणाचं लग्न आहे?

तुरीवाला_दादा
भोंगाही लावून पाह्यला. मोबाईलमध्ये कुत्र्याचं भुंकणं भरून रात्रभर चालू. गावातले खरे कुत्रे उत्तर द्यायला लागले. चार दिवसांत शेजाऱ्याने भोंगा उचलून नेला.

खवचट_वऱ्हाडी
ज्वारी कोणी पेरते का आता? आमच्याकडे आधी हुरड्याला माणसं बोलवायची. आता एकट्याने ज्वारी पेरली की सगळ्या तालुक्यातली पाखरं अन् डुकरं त्याच्याच वावरात. म्हणून कोणी पेरत नाही. ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून बैल गेले. आता भाकरी खायची तर ज्वारी दुकानातून किलोने आणतो. साखळी साखळी म्हणतात ती हीच काय, पुण्यातले दादा?

पुण्यात_अडकलेला
हो. आणि ही साखळी मी खरंच कुठे वाचली नव्हती. लिहून ठेवतो.

संपादक मंडळ
एका सदस्याने रानडुकरांसाठी स्फोटकाचे गोळे कसे करावेत याची कृती दिली होती. प्रतिसाद उडवला आहे. कुंपणात थेट वीज सोडण्याबद्दलही इथे लिहू नये.

काठीवाला
संपादकांनी बरं केलं. करंटचं दोन शब्द सांगू द्या, कृती नाही, किस्सा.

नोकरीत असताना एका सकाळी फोन आला, वाघ मेला म्हणून गेलो. तुरीच्या धुऱ्याने खुंट्या ठोकून बाइंडिंग तार लावलेली, लाईनवर आकडा टाकलेला. वाघ नव्हता, रानडुक्कर होतं. त्याच्या पुढे दहा पावलांवर एक माणूस. शेजारच्याच वावरातला. रात्री पाणी द्यायला निघाला होता, मोटर चालू करायला. ज्याने तार लावली तो त्याचा चुलतभाऊ. दोघांचं कधी भांडण नव्हतं. दोघांच्या बायका एकाच अंगणात बसून रडत होत्या, अन् पोलिसांची गाडी बाहेर उभी. पायातली चप्पल तारेजवळ तशीच होती, एक सुलटी, एक पालथी. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत वाघाने मारलेली माणसं पाह्यली, पण झोप उडाली ती त्या चपलेने.

झटका मशीन वेगळी. तिच्यात झटका बसतो, जीव जात नाही. बॅटरीवर किंवा सोलरवर चालते, करंट थांबून थांबून येतो. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे कडेच्या पट्ट्यातल्या, गावांना जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे. विजूभाऊ, तुमच्याकडे कृषी विभागात चौकशी करा. मात्र तारेखालचं गवत कापत राहा. गवत तारेला लागलं की मशीन मरते, अन् मग कंपनीच्या नावाने बोंब.

गुरुजी_मेळघाट (धारणी)
सर्व प्रतिसाद वाचले. उशिरा आलो, रेंज नव्हती.

आमच्याकडे प्रश्न तिसराच. वाघासाठी गावं उठवली. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी, १९७३-७४ चा. माझे कितीतरी विद्यार्थी आतल्या गावांतले. आता ती गावं अकोटकडे मैदानात आहेत. काहींचं बरं झालं. रस्ता, वीज, दवाखाना मिळाला. काहींचे पैसे मोटारसायकलीत आणि लग्नांत गेले, आणि शेत मिळालं ते कसायला नवखं. एक कोरकू आजोबा मला म्हणाले होते, "गुरुजी, वाघ आमच्याबरोबर होता तेव्हा त्याला कोणी मोजत नव्हतं. मोजायला आले आणि आम्हाला उठवलं."

मी वाघाच्या विरोधात नाही. पण ही दुसरी बाजूही नोंदवून ठेवतो. जंगल राखलं कोणी, हे विसरू नये. गोंडांच्या कुळाकुळाचं देवक ठरलेलं असतं, त्या प्राण्याला मारत नाहीत. ताडोबाच्या तळ्याकाठचं देऊळ तर वाघाशी झुंजताना मेलेल्या माणसाचं, असं लोक सांगतात. म्हणजे जंगलालाच नाव पडलं ते त्या माणसाचं. वाघही राहिला, देवही राहिला. भांडण होतं, पण संसार मोडला नव्हता.

आणि विजूभाऊ, "काय कामाचा" या प्रश्नाबद्दल. आमच्या सागवानात एक लहान घुबड आहे, रानपिंगळा. १८८४ नंतर कोणाला दिसलाच नाही. संपला म्हणून सगळ्यांनी धरून चाललं. १९९७ मध्ये नंदुरबारच्या शहाद्याकडे पुन्हा सापडला, ११३ वर्षांनी. मग मेळघाटातही दिसला आणि चांगल्या संख्येने दिसला. दिवसा फिरतो, उंदीर-सरडे खातो. त्याने कोणाचं काय अडवलं? काही नाही. काय कामाचा? सांगता येणार नाही. मी वर्गातली पोरं घेऊन त्याला पाहायला गेलो. चाळीस पोरं पाऊण तास गप्प उभी राहिली. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मला हे एकदाही साधलं नव्हतं.

ढोरांचा_डॉक्टर
गुरुजी 🙏 शेवटचं वाक्य सर्व शिक्षकांना पाठवतो.

बांधीवरची (आमगाव, जि. गोंदिया)
आमच्याकडे सारस येतात. जोडीने राहतात. धानाच्या बांधीत मधोमध गवता-काड्यांचं घरटं करतात, तेवढा तुकडा मोडतोच. आधी लोक अंडी फेकून द्यायचे. आता गावातलेच पोट्टे राखण करतात, जूनमध्ये सारस मोजतात. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आमच्याच भागात.

माझ्या बांधीत दोन वर्षांआधी घरटं होतं. धान कापताना मजुरांना म्हटलं, तेवढं राहू द्या. मालकांनी (नवरा) विचारलं, किती पायल्या गेल्या? मी म्हटलं, तुमच्या बहिणीच्या लग्नात आहेरात गेल्या त्यापेक्षा कमी. गप्प बसले.

गडचिरोलीचा_गण्या
तुम्ही डुक्कर-रोही घेऊन बसले. आमच्याकडे २०२१ पासून छत्तीसगडमधून हत्ती येऊन रायले. धानाचे पुंजणे कापून ठेवले की येतात अन् बसून जेवतात. मोहाची दारू घरात असली तर भिंत पाडून पितात. झटका मशीन दाखवू का त्याले?

खवचट_वऱ्हाडी
दारूबंदी जिल्ह्यात हत्तीला कोण पाजते? चौकशी लावा.

गडचिरोलीचा_गण्या
तो चौकशीलेच आला वाटते.

धानकरी
परत येतो. आधी जरा गरम लिहिलं, पण मागे घेत नाही.

पेंचपाणीभाऊंनी "फी" म्हटलं ते बरोबर बोलले. वाघाने माणूस मारला तर सरकार आता पंचवीस लाख देते. पैसा मिळतो, वेळ लागतो, पण मिळतो. गाय मारली, पीक गेलं, त्याचंही मिळते. मग अडलं कुठे? अडलं असं की पैसा माणूस गेल्यावर येते. तेंदूच्या पंधरा दिवसांत गावाला सांगायला कोणी येत नाही की आज या नंबरच्या भागात वाघीण पिल्लं घेऊन आहे, तिकडे जाऊ नका. कॉलर आहे, कॅमेरे आहेत, त्यांना माहीत असते. आता आमच्या गावात प्राथमिक प्रतिसाद दल केला, गावचीच पाच पोरं आहेत, जॅकेट दिले, काठ्या दिल्या. ते पहाटे व्हॉट्सअपवर टाकतात. मागच्या हंगामात दोन दिवस बाया त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या बाजूने गेल्या. काही झालं नाही. झालं नाही याची बातमी होत नाही.

माझ्या बापाने एक सांगितलं होतं, १९८० च्या सुमाराचं. दुष्काळ पडला तेव्हा आमच्या गावाने जंगलाच्या जिवावर दिवस काढले. कंद, मोह, चारोळी, डिंक. बाप म्हणायचा, वाघ होता म्हणून जंगल होतं, नाहीतर ठेकेदाराने तेव्हाच साफ केलं असतं. ते मी पेंचवाल्या दादाच्या तोंडून ऐकलं तर मले राग येतो. बापाच्या तोंडून ऐकलं तेव्हा आला नव्हता. काऊन, ते मलेच समजत नाही.

पेंचपाणी
धानकरीभाऊ, मला समजतं. तुमच्या बाबांनी किंमत मोजली होती.

एक भर घालतो, वाद नाही. नागपूर-जबलपूर रस्ता, हायवे ४४, पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरी करताना कोर्टात भांडण झालं तेव्हा खालून प्राण्यांना जायला नऊ जागा सोडल्या, काही पुलासारख्या, सर्वात लांब साडेसातशे मीटरची. लोक हसले होते, वाघ काय पाटी वाचून खालून जाणार का? २०१९ मध्ये कॅमेरे लावले तर १८ जातींचे प्राणी खालून जाताना दिसले, त्यात ११ वेगवेगळे वाघ. रोही पण होते, विजूभाऊ. म्हणजे आधी विचार केला तर जमतं. पण नऊ पूल वाघांना मिळाले. तेंदू तोडणाऱ्या बायांसाठी काय बांधलं, हे मी आता जिथे जाईन तिथे विचारणार आहे.

सोनेगावची_सून
विजूभाऊ कुठे गायब? धागा लावून पळाले.

काठीवाला
पंचनाम्याचं केलं का? आमच्या वेळी नुकसान दिसलं की तीन दिवसांत अर्ज द्यावा लागायचा. वनविभाग, कृषी सहायक, तलाठी मिळून येतात. पावलांचे, लेंड्यांचे फोटो काढून ठेवा, अन् पीक मोडण्याआधीचे.

वावरातला_विजू
आहे, आहे. दोन दिवस विहिरीच्या कठड्याच्या कामात होतो.

सांगतो. अर्ज दिला, दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. माणूस चांगला होता. म्हणाला, रोहीचं नुकसान आहे पण डुकराचे पायही दिसतात, दोन्ही लिहितो. एकरी सात क्विंटल धरला होता, आता चार-साडेचार निघेल. मिळतील तेव्हा मिळतील पैसे.

तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. गिधाडाचं ऐकून ती म्हणाली, आमच्या वेळी होते, मी पाह्यले. कुत्र्याचं ऐकून म्हणाली, तुझा मामा कुत्रा चावूनच गेला होता, ९८ ला. मला हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा लहान होतो, घरात कोणी बोलायचं नाही. मग कितीतरी वेळ आम्ही दोघं तशीच बसलो. डॉक्टरसाहेब, तुमचा हिशोब २००० पासूनचा, त्यात तो नसेल. पण कारण तेच होतं की नाही, सांगता येत नाही.

रोहीबद्दल अजून राग आहे. पण एक गोष्ट लिहितो. त्या पहाटे मी आधी आवाज ऐकला होता. ओरडत नव्हता. नुसता श्वास, विहिरीतून वर येत होता, फुस्स फुस्स, भिंतीला धडकून. मी काठावर ओणवा होऊन पाह्यलं तर खाली दोन डोळे. तेव्हा हरभरा डोक्यात नव्हता. दोर आणायला पळालो तेव्हाही नव्हता. हरभरा दुसऱ्या दिवशी आठवला.

आता कामाचं. कठड्याला पाच फूट उंची घ्यावी की चार? मिस्त्री म्हणतो साडेतीन पुरे. दगडाचा करावा की सिमेंटच्या ब्लॉकचा? आणि मोटरचा पाईप काढायला खिडकी ठेवली तर डुकराचं पिल्लू पडेल का त्यातून?

तुरीवाला_दादा
चार घ्या. रोही उडीबाज असतो. खिडकीला जाळी ठोका.

काठीवाला
विहिरीच्या आत एका बाजूने पायऱ्या नीट करून ठेवा. काही पडलंच तर वर चढायला सोय. अन् बाजूला एक लहान टाकं करा पाण्याचं. उन्हाळ्यात पाण्यासाठीच येतात ते विहिरीवर.

वावरातला_विजू
म्हणजे हरभरा खाऊन वर पाणी पण पाजू?

खवचट_वऱ्हाडी
सोलेभात राह्यला फक्त. वळवाला आला तर आम्हाला पण बोलवा.

वावरातला_विजू
सोले उरले तर रविवारी या सगळे. तर्री आई करेल. पुण्यातल्या दादांनी स्वेटर आणावं.